कमावलेला रंग

कॅमेरा नवा. अठरा हप्ते बाकी.
मागच्या छोट्या पडद्यावर रंग बरोबर येतो,
बाभळीच्या सालीत, हिरड्याच्या पाण्यात
मुरून निघालेल्या चामड्याचा,
तांबूस म्हणावा तर नाही, पिवळा म्हणावा तर नाही,
ज्याला आमच्या राजारामपुरी आठव्या गल्लीत
कुणी नाव ठेवलेलं नाही.

फाइल संगणकात उतरवली की
गाजर.

मी प्रोफाइलचा रकाना उघडतो.
जुन्या कॅमेऱ्याला इथं सात नावं यायची,
ढगाळ, सावली, चेहरा, असं काय काय.
आता एकच ओळ, करड्या अक्षरात,
दाबली तरी दबत नाही.
रेशनकार्डावरनं नाव गळालेल्या माणसाला
कारकून मान वर न करता सांगतो ना,
पुढच्या महिन्यात बघा,
तसं.
मार्चपासून पुढचा महिना चालू आहे.

इंदुबाई सातपुते जिना चढून आल्या,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली एकच चप्पल घेऊन.
दुसरी सुभाषनगरला, अजून वेणी घालायची राहिलेली.
स्क्रीनसमोर उभ्या राहिल्या, पदरानं चष्मा पुसला,
परत बघितलं.
"ही माझी नव्हं."
तुमचीच आहे, मावशी. बघा, कानाची शिवण.
"शिवण माझी हाय. रंग कुनाचा?
गिऱ्हाईक बेंगलोरचं. हे बघून मागवणार,
हातात आल्यावर परत धाडणार.
परतीचं भाडं तुमी देणार व्हय?"

मग मी सांगत बसलो,
की कॅमेरा लाल कसा वाचतो हे कंपनी सांगत नाही,
सॉफ्टवेअरवाल्यांना मोजून घ्यावं लागतं,
आणि त्यांच्या यादीत माझा कॅमेरा अजून जन्मलेला नाही.
डॉक्टरचं ऐकावं तसं त्यांनी ऐकलं,
एक शब्द न धरता, शेवटपर्यंत.

"म्हंजे कच्चं हाय."
हो. कच्ची फाइलच म्हणतात त्याला.
"मग कमवा की."

चप्पल टेबलावर ठेवून त्या गेल्या.

रात्री ट्यूबलाइट बंद केली; ती हिरवा टाकते.
भिंतीवरचं निळं कॅलेंडर उलटं केलं.
नारिंगी चार घर खाली, पिवळा दोन घर उजवीकडं,
पट्टा जमला. तेवढ्यात गोंडा बघितला,
गोंड्याचा लाल विटकरी झालेला.
गोंडा सावरला तर तळवा जांभळट.
एकाच घरातली तिघं,
एकाशी बोलावं तर दोघं रुसतात.
खालच्या गाड्यावर शेवटचा कट वड्याचा रस्सा संपला,
पातेलं घासल्याचा आवाज आला,
मी अजून तळव्यावर.

मध्येच चप्पल उचलून नाकाशी नेली.
का, माहीत नाही.
तेल, साल, आणि कुणाच्या तरी हाताचा वास.
एवढं कुठल्या रकान्यात मावणार होतं?

सकाळी सात वाजता खिडकीत ऊन आलं तेव्हा
रात्रीची सगळी मेहनत थोडी निळी निघाली.
शिवी दिली. कुणाला ते ठरवलं नाही.
पुन्हा बसलो,
चप्पल उन्हात, स्क्रीन सावलीत, मी मध्ये.

दुपारी इंदुबाईंनी बघितलं.
बराच वेळ. एक बोट काचेवर, एक बोट चामड्यावर.
"जवळ आलं," म्हणाल्या.
कोल्हापुरात याच्यापेक्षा मोठी शाबासकी
मागू नये माणसानं.

मग चप्पल उचलली, वर्तमानपत्र तिथंच टाकलं.
"तेल लावून चार म्हैने घातली
की आनि काळी पडंल ही.
तवा काय करशिला?"
आणि हसत जिना उतरल्या.

रकान्यात आता दोन ओळी आहेत.
वरची त्यांची, करडी, न दबणारी.
खालची मी टाकलेली: इंदुबाई, खिडकी, साडेसात.
कालच एक लग्न त्याच्यावर चढवून बघितलं,
नवरी चामड्यासारखी आली.
काढून टाकलं.

अपडेट आलेलं नाही.
हप्ते सतरा.