भागाकार

निपाणीहून बाटल्या येतात बुधवारी,
बेळगावच्या यष्टीत, ड्रायव्हरच्या पायापाशी, बर्फात.
झाकणावर नाव कन्नडात, वय इंग्रजीत,
आणि चिठ्ठी भिजून निघाली की
आमच्या तायाप्पाच्या तोंडी शिवी मराठीत.

बाटली एकोणीस. चंद्राव्वा खोत. बावन्न.
तंबाखू खाता? नाही. ओढता? नाही. मिसरी?
तिथं कुणीतरी पेनानं लिहिलंय :
सोडली, नातीच्या बारशाला.

यंत्राला बारसं कळत नाही.
ते कागदावर डोंगर काढतं.
एक बुटका, निकोटिनचा,
चप्पल न काढता टेकलेल्या पाहुण्यासारखा,
दोन तासांत निम्मा.
मग कोटिनिन, उंच. हा मुक्कामाला आलेला.
त्याच्यामागं आणखी एक, ज्याचं नाव इतकं लांबलचक
की तायाप्पा त्याला नुसतं 'जावई' म्हणतो.

डॉक्टर हिरेमठ म्हणाले, बाई खोटं बोलते.
मी म्हटलं, सर, ती चाळते.
वखारीत, आठ तास, नाकाला पदर.
घामेजल्या तळव्यातून जातो जर्दा आत
आणि दुपारी त्याच हातानं भाकरी.

पण लघवी एवढी दाट का?
गुळाच्या कोऱ्या चहासारखी?
फोनवर ती हसली.
'पाणी पितो कुठं आम्ही, बाई?
प्यालं की जावं लागतंय.
जायाला जागा हाय व्हय?
मागं बाभळी हुत्या, त्याबी तोडल्या.
सांजंला घरी जाऊन पितो की, तांब्याच्या तांब्या.'

दाट लघवीत सगळंच वाढीव दिसतं.
म्हणून आकड्याला क्रिएटिनिननं भागायचं,
म्हणजे पाणी प्यालेली आणि न प्यालेली
एका ओळीत येतात.
नियम आहे. बरोबरच आहे नियम.
मी भागते.
उत्तर येतं, दशांशापुढं दोन घरं,
आणि त्यात दिवस कुठंच नसतो,
ना वखार, ना कोरडी जीभ.
चंद्राव्वाची तहान भागली ती अशी :
टिळकवाडीत, पावणेचार वाजता,
कॅल्क्युलेटरवर.

रिपोर्टाच्या तळाशी 'शेरा' म्हणून दीड इंच जागा असते.
कोरी सोडा मॅडम, तायाप्पा म्हणतो, सगळेच सोडतात.
मी लिहिलं : संडास.
पुढं काही सुचेना. तेवढ्यावरच सही केली.

तायाप्पानं ते वाचलं,
आणि कधी नव्हे ते एक अक्षर न बोलता
बर्फाचा डबा धुवायला घेऊन गेला.