अनामत

शारजात, इंडस्ट्रियल एरिया दहामध्ये,
लेथवर निजाम चौगुलेची दोन बोटं गेली.
भरपाईचा निकाल फेब्रुवारीत लागला,
रक्कम वकिलाच्या खात्यात जमा झाली
आणि वकील फोन उचलेनासा झाला.

मी दुभाषी. तासावर पैसे घेते.
शिस्त समितीपुढं त्याचं बोलणं अरबीत नेते,
त्यांचं त्याच्या गुहागरी कानाशी आणून ठेवते.
लांब टेबल, तिघंजण, एसीचा गारठा,
निजामचा नवा शर्ट, पुठ्ठ्याच्या घड्या तशाच,
डावा हात खिशात.

तो म्हणाला, वकील.
मी तोंड उघडलं आणि मिटलं;
त्यांना कळलं होतं.
म्हणाला, दावा. म्हणाला, तारीख.
हक्क म्हणाला तेव्हा तर मधला म्हातारा मान डोलवून गेला.
कधीतरी गलबतात बसून आमच्याकडं आलेले शब्द,
बिनव्हिशाचे माघारी निघालेले.
मग तो म्हणाला,
ती माझी अनामत होती, सायेब,
आणि तिघंही माझ्याकडं बघायला लागले.

अमानत, मी म्हटलं.
आमच्या तोंडी येता येता
म आणि न यांनी जागा बदलल्या.
मधल्या हातांत होतं असं.

म्हाताऱ्यानं वकिलाला विचारलं,
अशिलाचे पैसे वेगळे ठेवलेत ते खातं दाखवा.
वकील म्हणाला, ऑफिसच्या खर्चात मिसळले.
मिसळले, की मिसळलेत?
हे निजामला सांगताना
मला मधे एक अस्सल शिवी घालायची होती.
घातली नाही.
सकाळी दारातच शपथ माझीही झाली होती.

सनद दोन वर्षं बंद.
पैसे आले, तीन हप्त्यांत, रडतखडत.
नव्या वकीलबाई हनान, त्यांनी ते
त्याच्यासमोर दोनदा मोजले,
दोन भाषांत पावती केली,
आणि मी सहज विचारलं, तुमची पुढची केस कुणाची,
तर हसून फाईल पालथी घातली.

परवा रोल्याच्या त्या इमारतीवरून गेले.
दुसऱ्या मजल्यावर पाटी नव्हती.
स्क्रूची चार भोकं
आणि मधे भिंतीचा न उन्हाळलेला चौकोन.
जिन्यात एक पोऱ्या, हाताला प्लास्टर,
प्लास्टिकच्या पिशवीत कागद,
वर गेला,
चौकोनाकडं बघत राहिला थोडा वेळ,
आणि खाली उतरून
मला विचारलं,
वकील कुठं मिळेल?