फाइल, एक आणि दोन

शब्दकोशात ती दोनदा येते.
डोक्यावर बारीक अंक, एक आणि दोन,
चाळीत एकाच आडनावाच्या दोन खोल्यांवर
पोस्टमनसाठी टाकतात तसे.

आमच्याकडे आधी दोन नंबरची आली.
बाबा वागळे इस्टेटला, रोड नंबर सोळा, फिटर.
कानस म्हणायचं नाही. कानस लोहाराची.
आपली फाइल:
चपटी, अर्धगोल, तिधारी, उंदराच्या शेपटीची,
आणि दाते मध्यम असतील तर बास्टर्ड.
हा शब्द किसननगरच्या खोलीत
ते देव्हाऱ्यासमोर खणखणीत उच्चारत,
"माझी बारा इंची बास्टर्ड कुणी हलवली?"
आई म्हणायची, मोरीवर बघा.
कॉलेजात मी तो शब्द शिवी म्हणून ऐकला
तेव्हा वाटलं, बिचाऱ्या पोराला कुणीतरी
हत्याराच्या नावानं हाक मारतंय.

एक नंबरची आली कंपनीला टाळं लागल्यावर.
बदामी पुठ्ठा, पोटात हिरवी लेस.
परब भिकाजी लवू, तिकीट नंबर चारशे बारा,
ग्रॅच्युइटी, तीन महिन्यांचा पगार, बोनस
(बोनसपुढे प्रश्नचिन्ह, पेन्सिलीनं, कुणाचं ते माहीत नाही).

हिचं मूळ धागा, असं कोश सांगतो. लॅटिन फिलुम.
तिकडे कधीकाळी कागदाला भोक पाडून
दोऱ्यात ओवून टांगायचे,
आम्ही मे महिन्यात बांगडे टांगतो तसे.
मग दोऱ्यावरून रांग आली,
ड्रिलच्या सरांची सिंगल फाइल,
आणि गेटवर हिशोबासाठी उभे राहिले
ते एकशे ऐंशी जणसुद्धा त्याच दोऱ्यातले.

दोन नंबरचा या दोऱ्याशी संबंध नाही.
ती थंड मुलखातली, खरखरीत.
कोश 'असावे' म्हणत म्हणत आणखी मागे जातो
आणि संस्कृतातल्या एका धातूपाशी थबकतो:
पिंश्, म्हणजे कोरणे, सजवणे.
बाबांना वाचून दाखवलं.
चष्मा न काढता म्हणाले, "म्हंजे गाववालेच."

तिसरीही होती. मळवणे, घाण करणे.
तिच्या नावापुढे खंजिराची खूण,
म्हणजे शब्द वापरातून गेला.
एकोणीस वर्षं झाली टाळ्याला,
बाबांच्या नखांत अजून वापरात आहे.

सरकारी मराठीत एक नंबरला नस्ती म्हणतात.
मोकाशी साहेब दर महिन्याला म्हणायचे, नस्ती सापडत नाही.
बाबांना ऐकू यायचं, नसती.
घरी येऊन चप्पल काढता काढता,
"नसती म्हणे. मग असती खंय आसा?"
मी समजावलं, एकाच स्पेलिंगचे दोन शब्द,
योगायोगानं एकमेकांवर येऊन बसलेले.
ते बराच वेळ गप्प.
"दोनय घासतत गो," म्हणाले.

मंगळवारी पुन्हा बोलावणं होतं.
सोमवारी रात्री लेसचं पत्र्याचं टोक निसटलं,
कागद भोकातून सुटून लादीवर पसरले,
दोन हजार सहाचे दोन हजार अकरात मिसळले.
मी म्हटलं, स्टेशनरीवाल्याकडे पाच रुपयांना मिळते नवी.
त्यांनी ऐकलं नाही.
पलंगाखालची पेटी ओढली,
पत्र्याचा डबा कातरून नखाएवढा तुकडा घेतला,
मऊ दात्याची सहा इंची काढली
आणि कड घासायला लागले.
पुढे जाताना दाब, मागे येताना उचलून,
खर्र, थांब, खर्र, थांब,
बाजूच्या खोलीतली सीरियल संपली तरी चालू.
मग तुकडा हिरव्या लेसवर गुंडाळून दाताखाली दाबला,
जिभेवर टोक फिरवून पाहिलं, टोचत नाही ना,
आणि सगळे कागद तारखेवार ओवले.

आईला चहा ठेवायचा होता.
त्यांनी टेबलावर फुंकर मारली.
थोडा कीस बोनसच्या कागदावर राहिला,
तो तसाच गेला ऑफिसात.