अजून वैध नाही

रात्री साडेदहाला खैरनार मॅडमचा फोन,
देवळाली कॅम्पहून. मागे तोफांचा सराव चाललेला,
दर दणक्याला त्यांच्या खिडकीची काच
माझ्या कानात थरथरते.
"कनेक्टच होत नाही हो. आणि उद्या वीस तारीख."
वीस म्हणजे जीएसटी.
मी सिडकोत. गॅसवर दूध, मांडीवर लॅपटॉप.

आधी जुना क्लायंट काढायला सांगितला.
"काढला तर सगळं जाईल का?"
नाही जाणार. ते नुसतं दार होतं, मॅडम, खोली नव्हे.
मग नवा उतरवला. प्रोफाइलची फाइल
मेलमधून डाउनलोडमध्ये,
डाउनलोडमधून "अगं बाई, कुठे गेली" मध्ये.
दहा मिनिटं आम्ही दोघी
एक पिवळं फोल्डर शोधत होतो,
दोन वेगवेगळ्या घरांत.

"पण हे सारखं बोगदा बोगदा काय म्हणता?
इंदिरानगरचा?"
हसू आलं मला.
त्या बोगद्यात कोण अडकलंय
ते अख्ख्या नाशकाला दिसतं.
ह्यात तुम्ही देवळालीत शिरायचं
आणि अंबडला सर्व्हरपाशी निघायचं.
वाटेत कुणी टपून बसलंच
तर त्याला एवढंच कळेल की काहीतरी गेलं.
"आणि ओमचं कार्टून? ते दिसणार का साहेबांना?"
नाही. कंपनीचं तेवढं बोगद्यातून,
घरचं घरच्या रस्त्याने.
तशी वेगळी ओळच घातलीय मी सेटिंगमध्ये.

युजरनेम. पासवर्ड. फोनवरचे सहा आकडे,
संपायच्या आत.
आणि मग लाल चौकट:
प्रमाणपत्र अजून वैध झालेलं नाही.
"अजून म्हणजे? कधी होईल?"

उजवीकडे खाली तारीख काय दिसते?

"एक जानेवारी. दोन हजार पंधरा."

आतला सेल गेला असणार.
शर्टाच्या बटणाएवढा असतो, चाळीस रुपयांचा.
तो गेला की यंत्र बंद करून चालू केलं
की पुन्हा त्याच एका दिवशी जागं होतं.

पलीकडे बराच वेळ नुसता पंखा.
एक तोफ.
"म्हणजे इथे अजून आम्ही एकलहऱ्याच्या क्वार्टरमध्ये,"
त्या म्हणाल्या, "ओम झालेला नाही.
आणि हे सहाच्या ठोक्याला घरी येतात."

ह्याला काय उत्तर द्यायचं
ते आमच्या हेल्पडेस्कच्या कागदात नाही.
मी म्हटलं, तारीख बदला, मॅडम. हाताने घाला.

बाण दाबल्याचा आवाज येत होता.
सोळा, सतरा, अठरा,
एकोणीस जरा भरभर,
वीस.
एकवीसपाशी आवाज थांबला.
मी विचारलं नाही.
दूध उतू गेलं, तरी उठले नाही.
मग पुढची वर्षं एका दमात,
आजपर्यंत.

हिरवं कुलूप.
"अय्या, ऑफिसचा प्रिंटरपण दिसतोय की!"

त्या कामाला लागल्या. मी यादी उघडली,
कोण आत आहे ते बघायला:
खैरनार, देवळाली, अकरा वाजून चौदा.
त्यांच्या वर बागूल साहेब,
दिवाळीतच निवृत्त झालेले, तरी चावी चालू.
एक सही, एक निरोपाचा पेढा, आणि
ही चावी रद्द करायची राहून गेली होती माझ्याकडून.
केली. लगेच कुठे काही हललं नाही.

पावणेबाराला लिहिलं मी मॅडमना:
उद्या शिपायाबरोबर सेल पाठवते,
नाहीतर चार्जर निघाला की पुन्हा पंधरा.

उत्तर आलं रिटर्न भरून झाल्यावर,
एक वाजता.
"सेल राहू द्या. तारीख मी घालत जाईन रोज."

तिकीट बंद करायचं होतं.
बिघाड ह्या रकान्यात लिहिलं, घड्याळ.
उपाय हा रकाना
तसाच सोडला, आणि गॅस पुसायला उठले.