कायमचा पत्ता

फॉर्म जपानचा आहे. शेवटची तारीख तीस.
आधुनिक जपानी समाजाचा अभ्यास करणाऱ्या
समाजशास्त्रज्ञांसाठी, बारा महिने, राहण्याखाण्यासकट.
मी लाखांदूरला तासिका तत्त्वावर शिकवते,
दिवाळीपासून पगार नाही,
पण फॉर्म म्हणतो तर म्हणू दे: समाजशास्त्रज्ञ.

संशोधनाचा हेतू, पाचशे शब्दांत.
पत्र्याचा फर्मा ठेवून पानं कातरता कातरता
आई विचारते, केवढं लिवाचा आहे?
पाचशे.
म्हंजे अर्धा हजार, ती म्हणते,
मंग होते का सांजपर्यंत.
तिच्याकडे सगळं हजारात मोजतात
आणि सट्टेदार मूठभर छाट काढतो,
सैल वळलेल्या, वाकड्या तोंडाच्या,
त्यांची मजुरी नाही.
टोकियोतही कुणीतरी माझे शब्द
अंगठ्यानं दाबून बघणार आहे,
हे तिला सांगितलं नाही.

आमच्या टोलीनं आजवर उत्तरंच दिली.
माणसं किती, शेळ्या किती,
संडास आहे का, असला तर वापरता का.
नागपूरहून पोरं यायची गळ्यात ओळखपत्र घालून,
पाण्याची बाटली आपापली.
एकाला बाबानं उलट विचारलं होतं,
तुमच्या घरी किती जन?
तो हसला.
लिहिलं काहीच नाही, तसा रकाना नव्हता.

तिकडे नदीकाठाला वस्त्या आहेत म्हणे,
चामडं कमावणाऱ्यांच्या, मेलेली ढोरं ओढणाऱ्यांच्या.
नाक तेच, भाषा तीच, वाडग्यातला चिकट भातही तोच.
वेगळा फक्त पत्ता.
त्या पत्त्यांच्या याद्या छापून
कंपन्यांना चोरून विकल्या कुणी,
नोकरी देण्याआधी, सोयरीक जुळवण्याआधी
बोट फिरवून बघायला.
हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी साकोलीच्या एसटीत होते.
शेजारची बाई म्हणाली, कोनत्या गावच्या वं तुमी?
मी गाव सांगितलं.
गावात कुटं?
नहराच्या अल्याड का पल्याड?

तिच्याकडे यादी नव्हती.
गरज काय?

विहाराच्या ओट्यावर पांडुरंग मास्तर चष्मा पुसत म्हणाले,
बाई, तिथं तं जागोजागी बुद्ध आहे,
मंग हे कसं?
मला माहीत नाही, काका.
पुसून झालेला चष्मा त्यांनी पुन्हा पुसला.
अर्ध्या हजारात हेही बसवायचं आहे.

रकाना सतरा: कायमचा पत्ता.
आधी मी मावसभावाचा लिहिला,
मनीषनगर, नागपूर, फ्लॅट तीनशे चार, लिफ्ट आहे.
कर्सर लुकलुकत राहिला
दारात उभ्या राहिलेल्या माणसासारखा,
आत ये म्हणेपर्यंत न हलणाऱ्या.
खोडला.
मु. खैरी टोली, वॉर्ड चार,
नहराच्या पल्याड, बोडीजवळ.
बोडीला जपानी लोक काय म्हणतील कोण जाणे,
राहू दे बोडीच.

आणि तिथल्या बाईनं तुले तिचा पत्ता नाही सांगितला तं?
आई मान वर न करता विचारते.
तर मी आधी माझा सांगीन.
ती पान फिरवते, शीर बघते.
बराच वेळ काही बोलत नाही.
दोरा दे, म्हणते.

तेवढ्यात लाईन गेली.
लाईनीबरोबर ग्रामपंचायतीचं वायफाय.
रात्री साडेदहाला आली तेव्हा पडद्यावर एकच ओळ:
आपली वेळ संपली आहे, कृपया पुन्हा सुरुवात करा.
आईचे एव्हाना सातशे झाले होते.

रकाना एक. नाव.
प्रज्ञाशीला देवाजी टेंभुर्णे.
तिकडे आडनाव आधी लिहितात,
त्याला त्यांनी वेगळी चौकट दिली आहे.
ती आधी भरते.