अनुक्रमांक एकसष्ट

नाव विचारलं तर म्हणाला, नाय.
उस्मान तांडेल हसला, मिरकरवाड्याची जेटी हसली:
"नाव नाय? मग हाक काय मारू तुला?"
नाय ओन तला, असं तो पुन्हा म्हणाला, हळू,
आणि मी सोसायटीच्या वहीत एकसष्ट नंबरला लिहिलं
बहादूर, नेपाळ.
सगळ्यांचं तेच लिहिते. चालतं.

तीन आठवडे तो बहादूर होता.
बर्फ फोडायचा, बांगडा वेगळा करायचा,
हाक मारली की अर्ध्या श्वासानंतर वळायचा.
मग एकदा जाळं सांधताना त्याची सुई उलट्या अंगानं आली
आणि म्हातारा काद्री म्हणाला,
ही गाठ आपल्याकडची नव्हे.
नेपाळात समुद्र कुठला आलाय?

डिझेलच्या रांगेत सांगायचा,
दिवसाला जेवढे शब्द मिळाले तेवढेच.
सरकारी शाळेत आमची भाषा बंद.
मी शिकवायची. मठात. सुट्टीत. पोरांना अक्षरं.
मी नेली. रात्री. ट्रक.
मी आली नाय.

मी त्याला सुधारत होते.
नेलं म्हण. आलो म्हण. बाप्या आहेस तू.
तो मान हलवत राहिला.
मी. बहीण. मी चान.
आमच्यात बाईच्या नावापुढे मी लावतात.
आणि मी इतके दिवस समजत होते,
कसा आहेस विचारलं की हा म्हणतो, मी छान.

हे कळल्यावर उस्मानला राहवेना.
शुक्रवारी नमाजानंतर त्याला स्कूटरवर घातलं
आणि नेलं टेकडीवर, थिबा राजवाड्यात.
"बघ, तुझा राजा. इंग्रजांनी आणून ठेवलेला.
इथनं खाडी बघत बसायचा."
त्यानं खांबाला हात लावला नाही.
उतरताना उताराच्या वळणावर बोलला:
याच्या पूर्वजांनी हंसावती जाळली. आमची.
मग वर्दीवाले आले, त्यांनी उरलेलं.
राजा गेला तर त्याला वाडा तरी मिळाला.
उस्माननं वाटेत पेट्रोल भरलं
आणि त्या महिन्याच्या पगारातून त्याची उचल कापली नाही.
का, ते मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

रेल्वेच्या कामाला धरून नेलेला बाप,
कुंपण सरकत सरकत छावणीत गेलेली रबराची बाग,
मागच्या वर्षी गावात लागलेली भरतीची यादी,
हे सगळं त्यानं सुरमईचा भाव सांगावा तसं सांगितलं.
फक्त एकदा, थर्माकोलच्या झाकणावर,
खिळ्यानं तिचं नाव कोरून दाखवलं.
जाळ्याच्या बोयांसारखी अक्षरं, गोल,
एकमेकांना धरून.

जुलैच्या शेवटी सागरी पोलीस आले, कार्डं तपासायला.
त्यांच्या तक्त्यात भाषेचा नवा रकाना होता.
एकसष्ट? हवालदारांनी विचारलं.
खोटं एकदाच लिहिता येतं मला, दुसऱ्यांदा हात कापतो.
मोन, मी म्हटलं.
त्यांनी लिहिलं, मौन.
एक मात्रा जास्त झाली हो, असं सांगायला
मी तोंड उघडलं
आणि मिटलं.

एक तारखेला पहाटे बोटी सुटल्या,
नारळ फुटले, हलगी वाजली, तो नव्हता.
कुणी म्हणे मालप्याला गेला, कुणी म्हणे नेला.
त्या "नेला"त ट्रक होता की बोट, ते सांगणाराही धड सांगेना.

झाकण माझ्याकडे आहे.
नवरा त्यात माठाची भाजी निवडतो, मी काही म्हणत नाही,
देठ काढून झाले की धुऊन उलटं ठेवते.

संध्याकाळी घरी येते, कडी वाजवते.
आतून विचारतात, कोण?
मी, म्हणते,
आणि दार उघडेपर्यंत
माझ्यामागे पायरीवर कोणी उभं आहे का
ते बघते.