शिल्लक गोळ्या

संमतीपत्र तीन भाषांत होतं.
हेरवाडेबाईंनी मराठी प्रत उलटीच धरली,
म्हणाल्या, तूच वाच की.

वाचलं. नेहमीची औषधं चालूच राहतील, वर ही एक.
कुणाला खरी, कुणाला खडूची.
डॉक्टरांना ठाऊक नसतं, मलाही नाही.
"मग ठावं कुणाला?"
बेंगळुरूच्या कपाटातल्या एका बंद पाकिटाला.

चाळीस वर्षं निपाणीत विड्या वळून
अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या.
ठसा उमटला तो नुसता काळा, गुळगुळीत,
चिंचोक्याएवढा.

दर महिन्याला लाल बसनं बेळगाव.
डबी उपडी करून उरलेल्या मोजायच्या.
मी दोन-दोन सरकवते,
त्या नजरेनंच पंचवीसचा कट्टा पाडतात,
माझ्याआधी आकडा सांगतात.
"छाट किती काढलीस?"
हसतात. मग खोकला,
मग खुर्चीचा हात धरून गप्प.

चौथ्या महिन्यात हिशेब तंतोतंत जुळला.
मी टिक करणार, तर म्हणाल्या,
"थांब. त्यातल्या पाच मी न्हाई खाल्ल्या.
सून खोकती गं रातभर.
तीबी वळती विड्या."

भिंतीवरच्या कानडी कॅलेंडरकडे बघत बसल्या,
वाचता येत असल्यासारख्या.

चुकलेले डोस: पाच. ते लिहिलं.
कारणाच्या रकान्यात दोनदा खोडलं.
नियमानं वरिष्ठांना कळवायचं असतं. कळवलं,
पण बस सुटल्यावर.

पाकीट उघडायला अजून तीन वर्षं.
पुढच्या खेपेला दारातूनच म्हणाल्या,
सून आता कमी खोकती.